उमेदीचा उगम

जॉन स्टुअर्ट मिल या आंग्ल तत्त्ववेत्त्याने आपल्या आत्मचरित्रात १८२६ सालच्या शरद ऋतूतील एका मानसिक संकटाची हकीकत नमूद करून ठेवली आहे. वय अवघे वीस वर्षांचे. पित्याने वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवून घडविलेली असामान्य बुद्धी. आणि मनुष्यजातीच्या सुखाची वृद्धी करणाऱ्या सुधारणा हेच आपल्या जीविताचे प्रयोजन, असा निःसंदिग्ध निश्चय झालेला. अशा या तरुणाने एके दिवशी स्वतःला असा सवाल केला की, ज्या ज्या सुधारणांसाठी आपण झटतो आहोत त्या साऱ्या समजा या घटकेलाच अमलात आल्या, तर आपल्याला परमानंद होईल काय? अंतःकरणाने जे उत्तर दिले ते साफ नकाराचे होते. त्या एका उत्तरासरशी आयुष्याची सगळी इमारत ज्या पायावर उभी होती तो पायाच खचला, आणि पुढे कित्येक महिने हा मनुष्य आपली नित्याची कामे केवळ सवयीच्या बळावर उरकीत राहिला.

आपल्याकडील सुशिक्षितांच्या ज्या पिढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात शाळा काढल्या, वर्तमानपत्रे काढली आणि परस्परांशी कडाक्याची भांडणेही केली, त्या पिढीचा मिल हा जवळजवळ दीक्षागुरू होता. तिने त्याचे स्वातंत्र्यावरील विवेचन घेतले, स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील विवेचन घेतले, उपयुक्ततावादाची चर्चा केली. पण आत्मचरित्रातल्या या प्रकरणाकडे मात्र आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. माझ्या मते मिलच्या साऱ्या ग्रंथसंभारात धर्मजिज्ञासूने आधी वाचावे असे प्रकरण हेच आहे. कारण ज्याला ‘ध्येय’ म्हणतात, आणि जे तरुणांच्या पुढ्यात ठेवले म्हणजे त्यांच्या ठायी जगण्याची उमेद आपोआप उत्पन्न होते असे सर्व व्याख्याते गृहीत धरून चालतात, ते ध्येय मिलपाशी होतेच. ते उदात्त होते, सुस्पष्ट होते, आणि तर्काच्या कसोटीला उतरलेले होते. नव्हती ती उमेद.

मिल सावरला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. मार्मोन्तेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी तो सहज वाचीत होता, आणि त्यात बाप वारल्यानंतर दुःखाने खचून गेलेल्या कुटुंबाला, ‘तुमचे जे हरपले ते सर्व मी भरून काढीन,’ अशा अर्थाचा दिलासा देणारा लहानगा मुलगा त्याला भेटला; ते वाचून त्याच्या डोळ्यांना पाणी आले, आणि तेव्हापासून छातीवरचे ओझे हलके होऊ लागले. सिद्धान्ताने जे साधले नाही ते एका मुलाच्या आश्वासनाने साधले. सुखाकडे रोखून पाहणाऱ्याला सुख सापडत नाही, दुसऱ्याच कशात तरी दृष्टी गुंतलेल्याला ते वाटेत भेटते, असा निष्कर्ष मिलने यातून काढला. निष्कर्ष खरा आहे; पण तो जरा घाईने काढलेला आहे. दृष्टी दुसऱ्या कशात गुंतवावी हे ठरविण्याची ताकदच ज्याच्या अंगातून निघून गेली आहे, त्याने काय करावे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

प्रश्न नेमका हाच आहे. नुसते जगत राहण्याची प्रेरणा मुंगीलाही असते, आणि तिचा खुलासा प्राणिशास्त्रज्ञांनी करावा. बुडणारा मनुष्य हातपाय मारतो त्याला कोणत्याही दर्शनाचा आधार लागत नाही. परंतु सकाळी उठून दिवसाला सामोरे जाण्याची, अंगावर घेतलेल्या कामात जीव ओतण्याची, आणि आपल्या वाट्याला आलेले आयुष्य पुरतेपणी वापरण्याची जी एक भरीव इच्छा काही माणसांत आढळते व काहींत आढळत नाही, किंवा त्याच माणसात काल असते आणि आज नसते, ती येते कोठून? आपली दर्शने या प्रश्नाकडे बहुधा उलट्या टोकाने पाहतात. वासना हे जीवनाचे इंधन आहे असे धरून ते इंधन संपवावे कसे, याचीच चिंता त्यांना अधिक. वासना संपण्याआधीच उमेद संपलेल्या मनुष्याचा विचार त्यांनी क्वचित केला आहे. चार्वाकाचा सुखोपभोगाचा उपाय चार दिवसांपलीकडे टिकत नाही, हे चार्वाकपंथीयांना पाचव्या दिवशी कळते; त्याच्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

म्हणून दर्शनांचे ग्रंथ बाजूला ठेवून मी एका साक्षीदाराकडे वळतो. संतसज्जनांनी पूर्ववृत्त विचारले तेव्हा स्वतःविषयी बोलणे प्रशस्त नव्हे असे म्हणत, तरीही विचारणाऱ्यांचा शब्द मोडू नये एवढ्यासाठी, तुकोबांनी एका अभंगात आपली कैफियत दिलेली आहे. तीत अलंकार जवळजवळ नाहीत. एखाद्या सरळ वाण्याने जमाखर्च वाचून दाखवावा तसा तो मजकूर आहे. देहूची महाजनकी घराण्यात होती, व्यापार आणि सावकारी होती. आईबाप निवर्तले. १६३० च्या सुमारास दख्खनेत जो भीषण दुष्काळ पडला, त्यात पैसा गेला आणि पैशाबरोबर गावातला मानही गेला. दोन बायकांपैकी एक अन्नावाचून मेली. या दुःखाचा उल्लेख करताना तुकोबा शोकाचा शब्द वापरीत नाहीत, लाजेचा वापरतात, आणि ज्याने घरात भूक पाहिली आहे त्यालाच त्या लाजेचा अर्थ कळेल. व्यवसाय डोळ्यांदेखत तुटीत चालला. येथवरची हकीकत त्या काळच्या हजारो कुटुंबांची आहे.

पुढची ओळ मात्र तुकोबांचीच आहे. देवाचे देऊळ होते ते मोडले होते. ते नीट करावे असे मनात आले. एवढेच. संसार आणि देऊळ या दोहोंच्या मध्ये कोणताही साक्षात्कार नाही, कोणत्याही गुरूचा उपदेश नाही, जगाच्या मिथ्यात्वाचा सिद्धान्तही नाही. पूर्वज विश्वंभरबोवांच्या वेळेपासून घराण्यात असलेला विठ्ठल आणि त्याचे पडके देऊळ ही गोष्ट रोजच्या पाहण्यातली होती. ती एके दिवशी नजरेत भरली. त्यानंतर एकादशीला कीर्तन करू लागलो, असे ते सांगतात, आणि लगेच प्रांजळपणे पुस्ती जोडतात की, सुरुवातीला चित्त त्या अभ्यासात नव्हते. मग पूर्वीच्या संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. स्वप्नातला गुरूपदेश त्याच्या नंतरचा, नामावरची दृढ निष्ठा त्याच्या नंतरची, आणि ज्या कवित्वासाठी आज साडेतीनशे वर्षांनी आपण त्यांचे नाव घेतो ती स्फूर्ती तर अगदी शेवटची.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण मानतो तो क्रम याच्या बरोबर उलट आहे: आधी जीवनाचा अर्थ उमगावा, अर्थातून श्रद्धा उपजावी, श्रद्धेतून उत्साह यावा आणि उत्साहाने कार्य घडावे. तुकोबांच्या जबानीत कार्य पहिले आले, तेही ओबडधोबड, दगडमातीचे. चित्त मागाहून आले. श्रद्धा त्याच्याही मागून. गाळाने भरलेल्या विहिरीत आधी पाणी येऊ दे, मग उपसा करू, असे कोणी म्हणत नाही. उपसा सुरू झाला म्हणजेच झरे मोकळे होतात. उमेद ही ज्याला आपण कृतीचे भांडवल समजतो ती वस्तुतः कृतीची आमदनी असते, आणि भांडवल हाती येईपर्यंत दुकान न उघडणारा मनुष्य ते कधीच उघडीत नाही.

मात्र ‘काम करीत राहा’ एवढाच याचा अर्थ घेतला तर तो अर्धवट होईल. काम तर मिलही करीत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत दररोज जाऊन हिंदुस्थानकडे जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे लिहीत होता. देवळाच्या कामात आणि कचेरीच्या कामात भेद हा की, देऊळ पडलेले होते आणि ते तुकोबांकडेच आशेने पाहत होते. जगात पडक्या गोष्टी असंख्य असतात. पण त्यांतली एखादी आपल्यावर हक्क सांगते, आणि आपण तिला नाकारले तर ती दुसरीकडे फिर्याद घेऊन जाणार नाही हे आपल्याला आतून ठाऊक असते. मार्मोन्तेलच्या घरातले दुःख त्या मुलावर असाच हक्क सांगत होते. जगण्याची उमेद आतून उगवत नाही, ती अशा बाहेरच्या मागणीने जागी होते, एवढेच मला या निबंधात सांगावयाचे आहे. मोडक्या देवळाची मागणी एकालाच का ऐकू यावी आणि शेजाऱ्याला का येऊ नये, याचा उलगडा मला करता येत नाही. तुकोबांचे वडील बंधू सावजी यांनी, पत्नी वारल्यावर, घर सोडून तीर्थयात्रेची वाट धरली असे परंपरा सांगते. घर एकच, मरणेही त्याच घरातली, आणि वाटा दोन. भक्तिमार्गी लोक यालाच कृपा म्हणतात. त्या शब्दाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कृपेची वाट पाहत ओट्यावर बसून राहण्याला.

यावर वेदान्ताकडून एक भारी आक्षेप येईल. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की, पती, पुत्र, वित्त, देव, यांपैकी काहीही त्याच्या त्याच्यासाठी प्रिय नसते. जे प्रिय असते ते आत्म्यासाठी. मग देवळाची मागणी आणि पोरक्या भावंडांची मागणी ही देखील अखेर आपलीच हाक नव्हे काय? तत्त्वतः असेल. परंतु ही हाक आपलीच होती हे ज्ञान ओ दिल्यावर होते, आधी होत नाही. आणि याज्ञवल्क्याने हा उपदेश केला तो गृहस्थाश्रमाचा पूर्ण उपभोग घेऊन, राजसभा जिंकून, गाईंचे कळप घरी नेऊन, मालमत्तेची वाटणी करण्याच्या वेळी केला, हे विसरता कामा नये. आयुष्याच्या संध्याकाळचे ज्ञान सकाळच्या प्रहरी दिले तर त्याचा गुण येत नाही. ईशावास्याने हे अधिक व्यवहारी दृष्टीने पाहिले आहे: कर्मे करीत असतानाच मनुष्याने शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी, असे त्याच्या दुसऱ्याच मंत्राचे तात्पर्य आहे.

वासनेच्या इंधनाविषयी बोलायचे तर बुद्धाचे उदाहरण पुरेसे आहे. तृष्णेचा समूळ क्षय हीच त्याची सिद्धी, असे त्याचे अनुयायी एकमुखाने सांगतात. तृष्णा हेच जीवनाचे बळ असते तर बोधिवृक्षाखालची ती रात्र म्हणजे या चरित्राचा शेवट ठरावयाचा. खुद्द पाली ग्रंथांतही असे आले आहे की, आपल्याला जे गवसले ते सांगण्याची इच्छा त्याला प्रथम होईना. लोकांना ते कळणार नाही आणि आपल्याला विनाकारण शीण होईल असे त्याला वाटले. तेव्हा ब्रह्मा सहंपती याने येऊन याचना केली की, ज्यांच्या डोळ्यांत धूळ थोडीच आहे असेही जीव जगात आहेत. कथेतला देव बाजूला ठेवला तरी तिच्यातले मानसशास्त्र शिल्लक राहतेच. ज्याला स्वतःसाठी मिळवावयाचे काही उरले नाही असा मनुष्यही दुसऱ्याच्या गरजेने उठून उभा राहिला, आणि मग पंचेचाळीस वर्षे अनवाणी हिंडला. ऐंशीव्या वर्षी कुशिनारेला मरणशय्येवर पडलेला असताना सुभद्द नावाचा एक परिव्राजक शंका घेऊन आला. शिष्य आनंद याने त्याला अडविले, तर तथागताने ते ऐकून सांगितले की त्याला येऊ द्या. इतकी उमेद आपल्यातल्या किती तृष्णावंतांत असते?

येथे कोणी म्हणेल की, तुकोबा आणि तथागत ही लोकोत्तर माणसे. त्यांच्या चरित्राचा सामान्यांना काय उपयोग? म्हणून पुण्यातल्या तीन माणसांकडे येतो, ज्यांचे ऐहिक जीवन कागदोपत्री उपलब्ध आहे. आगरकर, टिळक आणि धोंडो केशव कर्वे हे तिघे १८५६ ते १८५८ या तीन वर्षांत जन्मले. टिळक आणि आगरकर यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभारण्यात भाग घेतला, आणि टिळकांच्या राजीनाम्यानंतर फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जी जागा मोकळी होती तिच्यावर १८९१ मध्ये कर्वे आले. तिघांची आयुष्ये काठोकाठ भरलेली होती, याबद्दल त्यांच्या कट्ट्या वैऱ्यांनाही शंका नव्हती. परंतु विश्वाच्या मुळाशी काय आहे, या प्रश्नाची तिघांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

आगरकरांचे उदाहरण सर्वांत अवघड आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ईश्वर आणि परलोक यांविषयी त्यांनी कोणतीही तारणवस्तू मनाशी ठेवली नव्हती. पुनर्जन्म नाही, पुण्याची वसुली नाही, अन्यायाची दाद लावणारा कोणी वरिष्ठ नाही, अशा हिशेबाने जगणाऱ्या माणसाने वास्तविक सुखासीन व्हावे. एम. ए. होण्याच्या वेळी त्यांनी आईला लिहिलेल्या पत्रातला आशय महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे: मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून बाकीचा वेळ मी परहितात घालविणार. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस, दम्याने पोखरलेली छाती, सनातन्यांनी जिवंतपणी काढलेली प्रेतयात्रा, १८८८ पासून ‘सुधारका’चा आठवड्याचा रहाटगाडा, आणि १८९५ च्या जूनमध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, प्राचार्यपदावर असताना आलेला मृत्यू. जगावे की न जगावे या संशयाने ग्रासलेल्या डेन्मार्कच्या राजपुत्राचे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणणारा हाच मनुष्य होता. त्या राजपुत्राचा प्रश्न त्याला कळला नव्हता असे कोण म्हणेल? पण केशवपन झालेली अल्पवयीन विधवा समोर दिसत असताना तो प्रश्न लांबवीत बसण्याची त्याला सवड नव्हती.

टिळकांचे म्हणणे याच्या दुसऱ्या टोकाचे. ब्रह्म सत्य आणि ज्ञानोत्तर कर्म अटळ. हा सिद्धान्त त्यांनी मंडालेच्या तुरुंगात, १९१० ते ११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने वह्या भरीत सिद्ध केला, आणि तो मांडणारा गीतेवरचा ग्रंथ १९१५ मध्ये छापून निघाला, म्हणून गीतेच्या रहस्याने त्यांना कर्माची प्रेरणा दिली असे आपण सरसकट म्हणतो. पण ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनीच दिलेली हकीकत निराळी आहे. १८७२ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, वडील शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले असता त्यांना गीतेवरील ‘भाषाविवृति’ ही प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम मुलाकडे आले. आणि ते करताना शंका आली की, लढाई टाळू पाहणाऱ्याला लढावयास लावण्यासाठी सांगितलेला ग्रंथ संन्यासाकडे कसा जातो? शंका जन्मली ती आजारी बापाच्या उशाशी, एका साध्या कर्तव्याच्या ओघात. तिचे उत्तर लिहून होईपर्यंत अडतीस वर्षे गेली होती, आणि त्या अडतीस वर्षांत शाळा, दोन वर्तमानपत्रे, दुष्काळातली चळवळ, राजद्रोहाचे दोन खटले, हे सगळे होऊन गेले होते. रहस्य हाती येण्याची वाट पाहत कर्म कोठेही थांबलेले नव्हते. ग्रंथाची योग्यता याने उणी होत नाही. ज्याने आयुष्यभर जे केले त्याची कारणमीमांसा त्याने अखेर स्वतःशी पूर्ण केली, आणि १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची तार त्या लाकडी कोठडीत आली तेव्हा त्या मीमांसेने त्याला आधार दिला असेल. कारणमीमांसा आधार देते. चालना देणारी वस्तू दुसरी असते.

कर्व्यांपाशी तर मीमांसा जवळपास नव्हतीच. ईश्वर आहे की नाही यावर वाद घालावा अशी त्यांची प्रकृती नव्हती, आणि वक्तृत्वाच्या नावाने पूज्य. किशोरवयात मुरुडाहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले, तर वय लहान दिसते म्हणून परीक्षकांनी अर्ज नामंजूर केला. पुढच्या खेपेला कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा दिली. पहिली पत्नी १८९१ मध्ये गेली. दोन वर्षांनी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या विधवेशी विवाह केला, आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्काराचा ठराव केला. त्यावर व्याख्यान देण्याऐवजी त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत नेला. दिवसा कॉलेजात गणित आणि संध्याकाळी तेथे पायी जाणे. पै-पैची वर्गणी, पावतीपुस्तक, आणि पुन्हा वर्गणी. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. वयाच्या सत्तरीनंतर मनुष्य सामान्यतः नातवंडांत आणि दुखण्यांत रमतो. हे गृहस्थ विद्यापीठासाठी जगप्रवासाला निघाले, ऐंशीच्या घरात खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढते झाले, आणि नंतर समता संघ. १९६२ मध्ये एकशे चौथ्या वर्षी ते वारले. यातल्या कोणत्याही कामाच्या आरंभी प्रचंड ध्येय दिसत नाही. प्रत्येक वेळी आधीचे काम पुढच्या कामाची मागणी करीत गेले: आश्रमातल्या मुलींना शाळा हवी, शाळेतून निघालेल्यांना उच्च शिक्षण हवे. इतक्या सावकाश आणि इतक्या निरलंकृत रीतीने भरलेले दुसरे आयुष्य महाराष्ट्रात दाखविणे कठीण आहे.

एक ब्रह्मवादी, एक निरीश्वर, एक मौनी. धर्मश्रद्धेवाचून जगण्याला बळ मिळत नाही असे म्हणणाऱ्यांना आगरकर अडचणीचे, आणि श्रद्धा ही दुबळ्यांची काठी म्हणणाऱ्यांना टिळक अडचणीचे. तेव्हा उमेदीचा उगम सिद्धान्तात नाही, एवढे तरी या तिघांच्या साक्षीवरून मान्य व्हावे.

परंतु विषय येथे मिटवला तर तो खोटेपणा होईल. कारण आपल्याच डोळ्यांसमोर एक असा मनुष्य होऊन गेला की, ज्याने जगाची प्रत्येक मागणी ऐकली, आणि तरीही ज्याची उमेद मालवली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचने देत, आणि ती उतरवून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले. आज घरोघर असलेली ‘गीता प्रवचने’ त्यांच्या हातची आहेत. अर्थात गीता काय सांगते हे त्यांना कोणी शिकवावयाचे उरले नव्हते. कामाची तर वाणच नव्हती: १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून केलेले उपोषण, पुढल्या वर्षी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक, मुलांसाठी लिहिलेली रास पुस्तके. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवित स्वतः संपविले. याची कारणे लोकांनी पुष्कळ सुचविली. त्यांतले एकही मला येथे उद्धृत करावेसे वाटत नाही, कारण मेलेल्या माणसाच्या अंतःकरणाचा पंचनामा करण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही. दुसऱ्याच्या मागणीने उमेद जागी होते हे खरे असले, तरी ती एकदा जागी झाली म्हणजे आमरण टिकण्याची सनद मिळत नाही. ज्याच्यावर सर्वांचा हक्क चालतो, त्याच्यासाठी कोणी हक्काने धावून यावे लागते. आणि देणाऱ्याला काही लागत असेल ही कल्पना घेणाऱ्यांना सहसा सुचत नाही.

याच कारणासाठी खिन्न मनुष्यापुढे ध्येयाचे, श्रद्धेचे किंवा आशावादाचे पुस्तक ठेवण्याच्या आपल्या रिवाजाविषयी मला फारसा आदर नाही. पुस्तक त्याने वाचलेले असते. क्वचित त्यानेच लिहिलेले असते. त्याला ‘तुझ्यापाशी जगण्यासारखे किती आहे पाहा’ असे सांगणे म्हणजे मिलला त्याच्याच ध्येयांची यादी वाचून दाखविणे होय. त्याला हवा असतो तो एक मनुष्य, जो त्याची गरज बोलून दाखवील. घरातल्या वृद्धाला आपण आरामाच्या नावाखाली प्रत्येक कामातून मुक्त करतो, हिशेब काढून घेतो, बाजार काढून घेतो, लहान मुलांना सांभाळणेही काढून घेतो, आणि मग बाबा अलीकडे गप्प गप्प असतात म्हणून वैद्य बोलावतो. कर्व्यांना नव्वदीत कोणी असे मुक्त केले असते, तर शंभरी पाहण्याचा योग त्यांना बहुधा आला नसता.

तुकोबांच्या कथेत असा एक मनुष्य आहे, आणि त्याच्याकडे कीर्तनकारांचे लक्ष कमीच जाते. संसार उधळल्यावर तुकोबा डोंगरावर जाऊन बसले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधीत गेला, असे चरित्रकार सांगतात. त्याने थोरल्या भावाला वैराग्यापासून परावृत्त करण्याचा यत्न केल्याचे कोठे दिसत नाही. दोघे नदीवर आले. घराण्याची कर्जखते पुढे मांडली. निम्मी कान्होबाच्या हवाली झाली, कारण त्याला प्रपंच करावयाचा होता, आणि आपल्या वाट्याची निम्मी तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. पुढे तुकोबा गेल्यानंतर या कान्होबाने जे अभंग रचले ते गाथेच्या छापील प्रतींत समाविष्ट आहेत. त्यांत तो पांडुरंगाशी सरळ भांडतो, शिव्या देतो, माझा भाऊ परत आण म्हणून तगादा लावतो. वाचकांनी ते अभंग एकदा काढून वाचावेत.